कोपीतला अंधार आणि कारखान्याची वीज

उसाच्या मजुराच्या घामातून साखर निघते, हे महाराष्ट्रात शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. त्याच घामातून वीजही निघते, ही गोष्ट मात्र क्वचितच बोलली जाते. गाळप झालेल्या उसाचे चिपाड जाळून वाफ करायची, त्या वाफेवर जनित्र फिरवायचे, कारखान्याची गरज भागवायची आणि उरलेली वीज महावितरणला विकायची, हा सहवीजनिर्मितीचा धंदा राज्यातील साखर कारखानदारीने गेल्या दोन-अडीच दशकांत चांगलाच रुजविला आहे. या प्रकल्पांची एकूण क्षमता आज दोन हजार मेगावॉटच्या पुढे गेली आहे. साखरेचा भाव पडला तरी ताळेबंद सावरणारे उत्पन्न म्हणून संचालक मंडळे या विजेकडे पाहतात, आणि त्यात गैर असे काही नाही.

गैर आहे ते निराळेच. ज्या चिपाडापासून ही वीज होते तो ऊस पहाटेच्या अंधारात तोडणारे जोडपे ज्या कोपीत रात्र काढते, त्या कोपीत दिवा नसतो. कारखान्याच्या धुराड्यावरचा लाल दिवा तेथून दिसतो. चुलीपुढे बसलेल्या बाईला मात्र भाकरी भाजली की करपली, हे जाळाच्या उजेडात अदमासाने ओळखावे लागते. वीज निर्माण करणारा आणि अंधारात राहणारा हा एकच माणूस असावा, ही विसंगती निसर्गाने घडविलेली नाही. ती व्यवस्थेने घडविलेली आहे आणि म्हणूनच ती मोडताही येईल. ती मोडण्याचे एक साधन आज उपलब्ध आहे: हातात उचलून नेता येईल अशी बॅटरीची पेटी. साधन क्षुल्लक वाटते. त्याभोवतीचा प्रश्न क्षुल्लक नाही.

मोजणीत नसलेला अंधार

सरकारी हिशेबाने देशात अंधार उरलेला नाही. २८ एप्रिल २०१८ रोजी मणिपूरमधील लेइसांग गावाला वीज पोचली आणि देशातील प्रत्येक गावाचे विद्युतीकरण पूर्ण झाल्याची घोषणा झाली. त्याआधी सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या सौभाग्य योजनेने घरोघरी जोडणी देण्याचे काम हाती घेतले होते. दुर्गम वस्त्यांतील घरांसाठी त्या योजनेत सौर तावदान, बॅटरी, पाच एलईडी दिवे आणि एक पंखा देण्याची तरतूद होती, शिवाय पाच वर्षांच्या देखभालीचीही. या योजनेने अनेक घरांत प्रथमच उजेड नेला, हे मान्य केले पाहिजे.

परंतु या सर्व योजनांनी मोजली ती घरे. माणसे मोजली नाहीत. पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी या तालुक्यांतील ऊसतोड मजुराच्या घराला जोडणी आहे. ते घर कागदोपत्री उजळलेले आहे. पण दिवाळीच्या आगेमागे त्या घराला कुलूप लागते आणि घरातील माणसे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे, अहिल्यानगर किंवा थेट कर्नाटकातील उसाच्या फडाकडे निघतात. मार्च-एप्रिलपर्यंत ती परत येत नाहीत. म्हणजे वर्षातील पाच-सहा महिने वीज कुलूपबंद घराला असते आणि माणसे अंधारात असतात. अशी माणसे लाखोंनी आहेत.

२००३ च्या वीज कायद्याचे कलम ४३ असे सांगते की, जागेच्या मालकाने अथवा भोगवटादाराने मागणी केल्यास वितरण कंपनीने त्यास वीज दिली पाहिजे. कोपीतील मजूर जागेचा मालक नाही. शेतमालकाच्या बांधावर किंवा गावाबाहेरच्या माळावर तो काही आठवडे राहतो, फड संपला की पुढे सरकतो. त्याच्यापाशी जागेचा कागद नाही, मीटरची अनामत नाही आणि एका ठिकाणी थांबण्याची खात्रीही नाही. कायद्याने त्याला वीज नाकारलेली नाही. फक्त ती मागण्यासाठी ज्या अटी लागतात त्यांपैकी एकही तो पुरी करू शकत नाही. गरिबाला हक्क नाकारण्याची ही जुनी आणि सभ्य रीत आहे.

अंधाराची किंमत कोण मोजतो

अंधार ही केवळ गैरसोय नाही. कोपी म्हणजे बांबू, पाचट आणि ताडपत्रीचा आडोसा. जमिनीवर अंथरूण. मण्यारसारखा साप रात्री हिंडतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. त्याच्या दंशाची वेदना इतकी थोडी असते की कित्येकदा पहाटेपर्यंत ते कळतही नाही. जुन्नर, आंबेगाव, शिरूर या भागांत बिबट्याने उसालाच आपले जंगल मानले आहे, आणि त्या उसाच्या कडेलाच मजुरांची पोरे झोपतात. बाईला रात्री बाहेर जाणे आले तर अंधार हाच तिचा आडोसा आणि अंधार हीच तिची भीती. पाचटाच्या भिंतीला चिमणीची ज्योत लागली तर सारा संसार काही मिनिटांत राख होतो.

शिवाय रॉकेलही आता राहिलेले नाही. रेशनवरील रॉकेलचा भाव २०१६ पासून टप्प्याटप्प्याने वाढवत नेण्यात आला आणि २०२० पर्यंत त्यावरील केंद्राची सवलत संपली. चिमणी विझली, तिच्या जागी दुसरे काय, हा प्रश्न कोणी विचारला नाही. आज मजुराचा दिवा म्हणजे त्याच्या मोबाइलची विजेरी, आणि तो मोबाइल भरून घेण्यासाठी गावातील एखाद्या टपरीवर पैसे मोजावे लागतात, नाहीतर शेतमालकाची मेहरबानी लागते. बाजारात मिळणारी स्वस्त चार्जिंगची बॅटरी बहुधा एका हंगामात मान टाकते. गरीब माणूस उजेडासाठी पैसे देत नाही असे नाही. तो पैसे देतोच. आणि मिळालेल्या उजेडाच्या मानाने बंगल्यातील माणसाहून कितीतरी अधिक देतो.

आणखी एक गोष्ट संघटनेच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. मजुराचा हिशेब रात्री होतो. टनावारीची पावती, उचलीतून वळते झालेले पैसे, किराण्याची उधारी, मुकादमाचे कमिशन हे सारे दिवसभर कोयता चालवून आल्यावर अंधारात सांगितले जाते आणि अंधारातच मान्य केले जाते. ज्याला आपली पावती वाचण्यापुरता उजेड नाही, त्याची फसवणूक करणे फार सोपे असते.

पाऊण तासाची वीज

एका कोपीला किती वीज लागते, याचा हिशेब मांडून पाहावा. पाच वॉटचे दोन एलईडी दिवे रोज पाच तास लावले तर पन्नास वॉट-तास होतात. दोन मोबाइल भरायला तीस वॉट-तास पुरतात. एकूण ऐंशी. भरताना होणारी घट धरून शंभर वॉट-तास म्हणू. एक युनिट म्हणजे एक हजार वॉट-तास. म्हणजे एका युनिटात दहा कोप्यांची एक रात्र निघते.

आता एखाद्या कारखान्याच्या परिसरात हजार कोप्या आहेत आणि हंगाम दीडशे रात्रींचा आहे, असे धरले तर रोज शंभर युनिट आणि हंगामाला पंधरा हजार युनिट लागतील. वीस मेगावॉटचा सहवीजनिर्मिती प्रकल्प पूर्ण क्षमतेने चालला तर तासाला वीस हजार युनिट निर्माण करतो. हजार कुटुंबांच्या संपूर्ण हंगामाचा उजेड म्हणजे त्या प्रकल्पाची पाऊण तासाची निर्मिती! युनिटला सात रुपये भाव धरला तरी ही रक्कम एक लाख पाच हजार होते. कोपीमागे हंगामाला एकशे पाच रुपये. ज्या कारखान्यांच्या वार्षिक सभांच्या मांडवावर आणि अहवालांच्या गुळगुळीत कागदावर याहून अधिक खर्च होत असेल, त्यांनी विजेच्या खर्चाचे कारण सांगू नये.

अडचण विजेची नव्हतीच. अडचण होती ती वीज फडापर्यंत नेण्याची, आणि ती अडचण आता तंत्रज्ञानाने दूर केली आहे. १८५९ मध्ये फ्रान्समध्ये प्लान्ते यांनी शिसे आणि आम्लाची बॅटरी तयार केली. ट्रॅक्टरखाली असते ती तीच. ती जड असते, निम्म्याहून अधिक रिकामी केली की लवकर खराब होते, आणि मोडीत गेल्यावर तिचे शिसे वितळविणाऱ्या भट्ट्यांभोवती खेळणाऱ्या मुलांच्या रक्तात विष कालविते. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठात गुडइनफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिथियम, लोह आणि फॉस्फेट यांच्या संयुगाचा शोध लावला. लिथियम बॅटरीवरील कार्यासाठी गुडइनफ यांना २०१९ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. या बॅटरीत कोबाल्ट लागत नाही, म्हणजे काँगोच्या खाणींत राबणाऱ्या पोरांचे ऋणही डोक्यावर राहत नाही. इतर लिथियम बॅटऱ्यांच्या मानाने ती पेट घेण्याची शक्यता कमी असते. पाचटाच्या कोपीत ही गोष्ट मोलाची आहे. जवळजवळ दोन रात्री निभावतील अशी दीडशे वॉट-तासांची पेटी दोन किलोंच्या आतबाहेर असते. तेवढेच काम शिशाच्या बॅटरीकडून घ्यायचे तर सहा-सात किलोंचे ओझे होते. नीट वापरली तर ही पेटी दोन हजार वेळा भरता येते. दीडशे रात्रींच्या हंगामाने भागले तर तेरा हंगाम होतात. ऊन, धूळ आणि गाडीचे धक्के यांची झीज मोकळ्या हाताने वजा केली तरी पाच-सहा हंगाम निघावेत.

आणि पेट्यांची ने-आण? तीही सोय तयार आहे. फडातून कारखान्याकडे रोज ट्रॅक्टर जातो, टायरगाडी जाते, बैलगाडी जाते. ऊस घेऊन जाणारे वाहन रिकाम्या पेट्या नेईल आणि गव्हाणीवर ऊस उतरवून परतताना भरलेल्या पेट्या आणील. तळावर भरणाकेंद्र उभारायला एक खोली, काही फळ्या आणि दोन प्रशिक्षित माणसे पुरेत. नवी रेषा ओढायची नाही, खांब रोवायचे नाहीत, कोणाची जमीन घ्यायची नाही.

पेटी कोणाची?

परंतु येथेच कार्यकर्त्यांनी सावध झाले पाहिजे. साधन चांगले आहे म्हणून व्यवस्था चांगली होते, असा भाबडेपणा परवडणार नाही. पेटी कोणाच्या मालकीची, यावर ती मजुराला मोकळे करणार की आणखी जखडणार, हे ठरेल.

केनियामध्ये २०१२ पासून एम-कोपा या कंपनीने सौर तावदान, बॅटरी आणि दिव्यांचे संच हप्त्यांवर दिले. गरीब कुटुंब थोडी अनामत भरते आणि पुढे वर्षभर रोज थोडे थोडे पैसे मोबाइलवरून पाठविते. रॉकेलपेक्षा हा उजेड बरा, हे खरे. पण पैसे पोचले नाहीत की कंपनी दूरवरूनच संच बंद करते. दिवा गरिबाच्या घरात, बटण कंपनीच्या हातात. महाराष्ट्रातील मजुराला ही रचना समजावून सांगण्याची गरज नाही; त्याच्याकडे तिला उचल म्हणतात. हंगामाआधी घेतलेली उचल फेडण्यासाठीच जो फडावर येतो आणि पुष्कळदा न फिटलेली बाकी घेऊन परत जातो, त्याच्या खात्यावर मुकादमाने उद्या 'बॅटरी एक नग' असे मांडले तर तो उजेड बेडीसारखाच पायात अडकेल. म्हणून पेटी उचलीत मांडली जाता कामा नये, ही पहिली अट असली पाहिजे.

दुसरा धोका दानाचा आहे. दिवे वाटायचे, छायाचित्रे काढायची आणि निघून जायचे, हा प्रकार दुर्गम वस्त्यांनी पुष्कळ पाहिला. बॅटरी नाशवंत वस्तू आहे. गाय दान दिली की चाऱ्याची सोय लागते, तशी बॅटरी दिली की दुरुस्तीची, बदलण्याची आणि मोडीत गेल्यावर परत घेण्याची सोय लागते. बिहारच्या जहानाबाद जिल्ह्यातील धरनई गावात २०१४ मध्ये शंभर किलोवॉटचा सौर प्रकल्प मोठ्या गाजावाजाने उभा राहिला. त्याच वेळी गावकरी खऱ्या विजेची मागणी करीत होते. तारेची वीज आली, तीनएक वर्षांत बॅटऱ्या निकामी झाल्या, त्या बदलण्यात आल्या नाहीत, आणि प्रकल्पाच्या आवारात गुरे बांधली जाऊ लागली. दोष सूर्याचा नव्हता, बॅटरीचाही नव्हता. बॅटरी मेल्यावर काय, याचे उत्तर कोणावर बंधनकारक नव्हते, हा दोष होता.

याच्या उलट उदाहरणही आहे. मुंबईच्या आयआयटीने हाती घेतलेल्या सौर अभ्यासदिव्यांच्या कार्यक्रमात २०१४ पासून महाराष्ट्रासह चार राज्यांतील दहा लाख विद्यार्थ्यांपर्यंत दिवे नेण्याचे उद्दिष्ट होते. दिव्यासाठी मुलाकडून १२० रुपये घेतले जात. दिव्यांची जुळणी आणि दुरुस्ती स्थानिक माणसांना शिकविली गेली, हे त्याचे वैशिष्ट्य. पुढे राजस्थानातील डुंगरपूरच्या आदिवासी स्त्रियांनी दिवे जोडण्यापासून सौर तावदाने तयार करण्याच्या कारखान्यापर्यंत मजल मारली. ज्यांना अडाणी म्हणून बाजूला ठेवले गेले त्यांच्या हाती सोल्डरिंगची लोखंडी सळई आली की काय होते, याचे हे प्रत्यंतर होय.

बॅटरी ही तारेला पळवाट नव्हे

तिसरा धोका सर्वांत सूक्ष्म आहे. पेट्या वाटल्या म्हणजे कर्तव्य संपले, असे म्हणायला कारखाने आणि सरकार दोन्ही टपून बसतील. म्हणून मागणी मांडतानाच भेद स्पष्ट केला पाहिजे. कारखान्याच्या तळावर बैलगाडीच्या टोळ्या हंगामभर एकाच जागी राहतात. तेथे खांब, तार, पाणी, संडास आणि पक्का निवारा हाच हक्क आहे. तेथे पेटी दाखवून कोणी तारेची मागणी बाजूला सारू लागला तर त्याला विरोधच केला पाहिजे. ट्रॅक्टर-ट्रकच्या टोळ्या मात्र फडामागून फड पालटत हिंडतात. त्यांच्यामागे तार धावू शकत नाही. तेथे पेटी हवी. जेथे माणूस स्थिर तेथे तार, जेथे माणूस फिरता तेथे पेटी, असे हे सूत्र आहे.

काही जुने कार्यकर्ते म्हणतील की मजुरीचा, विम्याचा, ओळखपत्राचा, निवाऱ्याचा लढा सोडून दिव्याची मागणी करणे म्हणजे मूळ प्रश्न सौम्य करणे होय. या आक्षेपाचा आदराने विचार झाला पाहिजे. जानेवारी २०२४ च्या करारात तोडणीदरात ३४ टक्के वाढ झाली, ती संपाची नोटीस आणि संघटनेची ताकद यांमुळे, दिव्यांमुळे नाही. दरवाढीचा लढा अग्रस्थानी राहिलाच पाहिजे. पण ज्या मागणीला कारखान्याची केवळ पाऊण तासाची वीज लागते, तीही नाकारली गेली तर नकार पैशांचा नाही, वृत्तीचा आहे, हे सभासद शेतकऱ्यालाही पटेल. आणि मान्य झाली तर कोपीत संध्याकाळी पुस्तक उघडेल, पावती वाचली जाईल, संघटनेची सभा भरेल. छोट्या मागणीचे मोल तिच्या आकारावरून ठरत नाही. ती जिंकल्यावर माणूस पुढची कोणती मागणी करू लागतो, यावरून ठरते.

पैशांची वाटही दाखविता येते. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे दहा रुपये द्यावेत आणि तेवढीच भर शासनाने घालावी, असे ठरलेले आहे. एखाद्या हंगामात राज्यात एक हजार लाख टन गाळप झाले तर केवळ कारखान्यांचा वाटाच शंभर कोटींचा होतो. दिवे आणि तारेसह एका पेटीची किंमत एका कोयत्याच्या, म्हणजे जोडप्याच्या, आठवडाभराच्या तोडणीमजुरीहून अधिक नाही, आणि ती पाच-सहा हंगामांत विभागायची आहे. करांचेही पाहावे: सप्टेंबर २०२५ मध्ये सौर साधनांवरील वस्तू व सेवा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला, पण सुट्या बॅटरीवर तो १८ टक्के आहे. छपरावरचे तावदान ज्याला परवडते त्याला सवलत, आणि ज्याला छप्परच नाही त्याच्या पेटीवर तिपटीहून अधिक कर, हा न्याय उलटा आहे.

तेव्हा येत्या हंगामाच्या करारात कार्यकर्त्यांनी पुढील कलमे आग्रहाने मांडावीत. प्रत्येक कारखान्याने तळावर भरणाकेंद्र उभारावे आणि भरणा विनामूल्य असावा. पेट्या महामंडळाच्या पैशांतून घ्याव्यात. त्यांची मालकी मजुरांच्या सहकारी संस्थेकडे असावी, मुकादमाकडे किंवा पुरवठादाराकडे नसावी. दूरवरून बंद करता येईल असे कोणतेही यंत्र पेटीत नसावे, आणि ती सामान्य हत्यारांनी उघडता व दुरुस्त करता आली पाहिजे. ऊसतोड कुटुंबांतील मुलींना आणि स्त्रियांना दुरुस्तीचे शिक्षण देऊन केंद्रे त्यांच्या हाती द्यावीत. हंगामाबाहेर पेट्या अर्ध्या भरून सावलीत ठेवण्याची आणि अधूनमधून तपासण्याची जबाबदारी याच केंद्रांची असावी. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे निकामी बॅटऱ्यांची जबाबदारी उत्पादकावर आहे; ती त्याने कारखान्याच्या तळावर येऊन पार पाडावी.

प्रवरानगरला १९५० मध्ये सहकारी साखर कारखान्याचे पहिले गाळप झाले, तेव्हा ऊस पिकविणारा शेतकरी मालक झाला. ती मोठीच क्रांती होती. पण त्या मालकीच्या वर्तुळात ऊस तोडणारा कधी आलाच नाही. तो टनावर मोजला गेला, उचलीत बांधला गेला आणि हंगाम संपताच विसरला गेला. सहकार अजून अपुरा आहे, याचा याहून स्पष्ट पुरावा कशाला हवा? आपल्या श्रमातून निघालेल्या विजेचा शंभरावा नाही, हजारावा अंश मजूर मागतो आहे, आणि तोही दान म्हणून मागत नाही. ज्या रात्री फडाच्या कडेला कोपीकोपीतून दिवे लागतील आणि त्या दिव्यांची चावी मजुरांच्याच हाती असेल, त्या रात्री सहकाराची व्याख्या थोडी पुढे सरकलेली असेल. ती पुढे सरकविणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे. गव्हाणीत पुढच्या हंगामाची मोळी पडण्याच्या आत ते सुरू झाले पाहिजे.